मशेरीची चिमूट सुटत का नाही?

आमच्या सासूबाईंच्या निग्रहाची सगळ्या नात्यागोत्यात ख्याती आहे. काशीला गेल्या तेव्हा आवडतं वांगं तिथे सोडून आल्या. तेव्हापासून भरल्या वांग्यांचा वास घरभर दरवळला तरी त्यांचं मन कधी चळलं नाही. चातुर्मासात कांदा-लसूण नाही म्हणजे नाही. नऊ वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, डॉक्टरांनी साखर बंद सांगितली आणि त्याच संध्याकाळपासून त्यांनी बिनसाखरेचा चहा सुरू केला. त्याबद्दल कधी कुरकुर नाही की चोरून लाडू खाणं नाही.

सुटली नव्हती ती एकच गोष्ट. मशेरी!

काही घरांत हिला मिश्री म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून पूड करायची आणि बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासायची. तवा तापला की सगळ्या घराला ठसका लागतो. सासूबाईंना ही मशेरी लागली ती वयाच्या अकराव्या वर्षी. दाढ दुखत होती म्हणून त्यांच्या आजीने बोटाने लावून दिली. दाढ केव्हाच पडून गेली, मशेरी राहिली. सकाळी उठल्यावर एकदा, जेवण झाल्यावर एकदा, दुपारच्या चहाआधी एकदा आणि निजताना एकदा. शिवाय मध्ये कंटाळा आला, वाद झाला, पाहुणे गेले की एकेक चिमूट जास्तीची.

मीही लग्न होऊन आल्यापासून हे पाहत होते. ‘असते एखाद्या बाईची खोड’ असं म्हणून सोडून देत होते. दारू पिऊन कुणी गोंधळ घालत नव्हतं, पैसा उधळत नव्हतं. मग कशाला बोला?

त्या दिवशी सकाळी

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. माझी आठ वर्षांची मुलगी शाळेत जायच्या वेळी एकदम पांढरीफटक पडली. घाम सुटला, भडाभडा ओकली. खाण्यात काही आलं असेल म्हणून मी विचारू लागले, तर तिच्या उजव्या हाताचं बोट काळं! ब्रश कोरडा. म्हणाली, “आजीसारखं लावलं. आधी गंमत वाटली, मग सगळं गरगर फिरायला लागलं.”

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझा तोल सुटला. सुनेने बोलू नये ते मी बोलले. “आई, तुम्हाला नातीपेक्षा ती डबी मोठी आहे का?” असं तोंडावर विचारलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, कोनाड्यातली डबी घेतली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. मला वाटलं, संपलं. वांगं सुटलं, साखर सुटली, तशी हीही सुटली.

पहिला दिवस गप्प गेला. दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माझ्यावर कडाडल्या, ह्यांच्यावर कडाडल्या आणि मग पदर डोळ्यांना लावून रडत बसल्या. पोट साफ होईना, झोप येईना. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी मागच्या मोरीत कपडे आणायला गेले, तर अंधारात भिंतीकडे तोंड करून त्या उभ्या. हातात कागदाची पुडी. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडून मागून घेतलेली.

अडुसष्ट वर्षांची बाई, घरातली मोठी, आणि चोरी सापडलेल्या मुलीसारखी माझ्याकडे बघत होती. म्हणाल्या, “मला काय हौस आहे का गं? नाही सोडवत.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. जी बाई साखर एका दिवसात सोडते, तिला चिमूटभर काळी पूड का सोडवत नाही? दुबळेपणा म्हणावा, तर तो त्यांच्या अंगी कधी दिसला नाही. मग हे आहे तरी काय? मी विचारपूस केली, मिळेल ते वाचलं. त्यातून जे कळलं ते आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहिते आहे.

झिंग वेगळी, पकड वेगळी

आपण व्यसन ओळखतो ते झिंगेवरून. दारू पिणारा झोकांड्या खातो, गांजा ओढणाऱ्याचे डोळे तारवटतात, गर्दच्या नादी लागलेला मुलगा घरातली भांडी विकतो. तंबाखू खाणारा मात्र वेळेवर कचेरीत जातो, मशेरी लावणारी बाई चार माणसांचा स्वयंपाक करते, पूजा करते, हिशेब ठेवते. म्हणून आपण तिला व्यसनात धरतच नाही.

डॉक्टर लोकांचं माप वेगळं आहे. त्यांच्या लेखी व्यसनाची खूण म्हणजे पकड. एकदा चव घेतलेल्यांपैकी किती जण अडकतात? सोडल्यावर किती त्रास होतो? सोडलेले किती जण परत वळतात? अपाय होतो हे कळत असूनही हात पुढे जातोच का? या मापाने मोजलं तर आपली साधीसुधी तंबाखू भल्याभल्या नशांच्या वर जाऊन बसते.

अमेरिकेत १९९४ साली एका मोठ्या पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदा तरी तंबाखू घेतलेल्या दर १०० माणसांपैकी सुमारे ३२ जण पुढे तिच्या पुरते अधीन झाले होते. हेरॉईनच्या बाबतीत हा आकडा सुमारे २३ होता (आपल्याकडचं गर्द म्हणजे हेरॉईनचाच अशुद्ध प्रकार). कोकेनच्या बाबतीत १७, दारूच्या बाबतीत १५ आणि गांजा-चरसाच्या बाबतीत ९. म्हणजे चव घेणाऱ्या तिघांतल्या जवळजवळ एकाला तंबाखू धरून ठेवते!

त्याआधी १९८८ साली अमेरिकेचे सर्जन जनरल डॉ. एव्हरेट कूप यांनी आपल्या अहवालात स्पष्टच सांगितलं होतं की तंबाखूतलं निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे, आणि ज्या रीतीने ते माणसाला बांधतं ती हेरॉईन आणि कोकेनच्या रीतीसारखीच आहे.

याचा अर्थ गर्द सौम्य आणि तंबाखू जहाल, असा कुणी घेऊ नये. गर्दचा डोस जास्त झाला तर श्वास थांबून माणूस तिथल्या तिथे जातो. अट्टल दारुड्याने दारू एकदम बंद केली तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते. तंबाखू सोडताना जिवाला धोका नसतो, माणूस फक्त हैराण होतो. शिवाय तंबाखू कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते आणि मशेरीला तर कुणी नावंही ठेवत नाही, म्हणूनही अडकणारे जास्त. पण गर्दुल्ल्याला बघून आपण पदर सावरतो आणि तंबाखूची पुडी पाहुण्यापुढे करतो, हा आपला हिशेब चुकीचा आहे एवढं खरं.

फ्रॉईडलाही जमलं नाही

माणसाच्या मनाचा तळ धुंडाळणारा सिगमंड फ्रॉईड आपल्याला नावाने तरी माहीत असतो. त्याने तरुणपणी कोकेन घेतलं होतं, त्याचं कौतुकही लिहिलं होतं. ते त्याने पुढे सोडलं. सिगार मात्र सुटले नाहीत. डॉक्टरांनी हृदयासाठी बंद करायला सांगितले, त्याने प्रयत्न केले, पुन्हा सुरू केले. १९२३ साली जबड्यात कॅन्सर निघाला. पुढच्या १६ वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंडात कृत्रिम टाळू बसवावा लागला, तरी सिगार चालूच. १९३९ साली तो गेला. दुसऱ्यांच्या मनाच्या गाठी सोडवणाऱ्याला स्वतःची ही एक गाठ सुटली नाही. मग आमच्या सासूबाईंना मी कोणत्या तोंडाने हिणवावं?

हे घडतं कसं?

निकोटिन मेंदूत पोचलं की सुख वाटायला लावणारं डोपामिन नावाचं रसायन तिथे सुटतं. विडी-सिगारेटच्या धुराबरोबर ते दहा-वीस सेकंदांत पोचतं. खाण्याच्या तंबाखूतून किंवा मशेरीतून ते हिरड्या आणि गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून हळूहळू रक्तात जातं, पण जास्त वेळ टिकतं. तंबाखूला चुना लावून मळतात तो उगीच नाही. चुन्यामुळे निकोटिन रक्तात लवकर शिरतं.

पहिल्या वेळी शरीर नाही म्हणतं. गरगरतं, ओकारी येते, तसंच माझ्या लेकीचं झालं. निकोटिन हे विषच आहे आणि शरीर ते ओळखतं. पण रोज रोज दिलं की मेंदू त्याला सरावतो. मग त्याच्याशिवाय चैन पडत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि तलफ उठते. रात्रभराच्या झोपेत तर ते बरंच उतरलेलं असतं, म्हणून सकाळची तलफ सगळ्यांत जोराची. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली चिमूट लागत असेल, तर व्यसन खोल गेलं असं डॉक्टर समजतात. मशेरी तर दात घासण्याच्या नावाखाली नेमकी त्याच वेळी तोंडात जाते!

“मशेरी लावली की डोकं उतरतं, पोट साफ होतं” असं आपल्या बायका सांगतात ते खोटं नसतं. पण ते डोकं दुखतं बहुधा मशेरी न मिळाल्यामुळेच, आणि पोटालाही तिचीच सवय लागलेली असते. औषध जिने दिलं, दुखणंही तिनेच दिलेलं, असा हा सौदा आहे.

आपल्याच घरातली गोष्ट

तंबाखू ही मूळची आपली नव्हे. ती पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला असद बेग नावाच्या सरदाराने ती विजापुराहून अकबर बादशहाच्या दरबारात नेली. जहांगीरने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. बंदी विरली, तंबाखू राहिली.

आपल्या काळातही कायदे झाले. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली सरकारने मनाई केली. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण स्वयंपाकघरातल्या तव्यावर कुठला कायदा चालणार? टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत एक लाखावर माणसांची तोंडं तपासली होती. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १०० पैकी ३९ बायका मशेरी लावणाऱ्या निघाल्या आणि पुरुष शंभरात एकही पुरता नाही. विडी-सिगारेट पुरुषांची, तशी मशेरी ही खास आपल्या बायकांची ठेव! पुढे २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीतही महाराष्ट्रातल्या १०० पैकी १७ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं दिसलं.

तिची किंमतही आपल्यालाच द्यावी लागते. हिरड्या सैल होतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, त्यांतल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत. त्यांची बाळं इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि त्यांच्यात दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. “गरोदरपणी मळमळतंय, जरा मशेरी लाव” असा सल्ला देणाऱ्या मोठ्या बायका आपल्या माहितीत असतील, त्यांना हे जरूर सांगा.

मग आम्ही काय केलं?

आधी मी सासूबाईंची माफी मागितली. नंतर त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. गालाच्या आत एक पांढरा चट्टा निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून घाबरण्यासारखं नाही, पण मशेरी थांबवा आणि दर तीन महिन्यांनी दाखवा. ते रागावले नाहीत. “सोडणं अवघड आहे, पण मदत घेतली तर जमतं” एवढंच म्हणाले. त्यांच्या सांगण्यातून आणि आमच्या अनुभवातून जे उपयोगी पडलं ते असं –

◆ दिवस ठरवून सोडावी. रागाच्या भरात डबी फेकून देऊ नये. सासूबाईंनी गुरुवार धरला. त्याआधी पंधरा दिवस दुपारची आणि जास्तीची चिमूट बंद केली.

◆ जागा आणि वेळ बदलावी. व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिकांना हेरॉईनचं व्यसन लागलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांची पाहणी केली, तेव्हा दिसलं की मायदेशी आल्यावर त्यांच्यातल्या बहुतेकांचं ते सुटलं. तीन वर्षांत शंभरातले जेमतेम बारा पुन्हा अडकले. जागा बदलली, संगत बदलली, त्याचा मोठा हातभार लागला. आपल्या बायकांचं तसं होत नाही. तीच मोरी, तोच कोनाडा, तीच सकाळ. म्हणून सासूबाईंनी मागच्या मोरीऐवजी पुढच्या बेसिनवर दात घासायला सुरुवात केली, तेही नातीबरोबर, ब्रशने. उठल्याबरोबर आधी पेलाभर कोमट पाणी. डबी आणि भाजायचा तवा दोन्ही घरातून गेले.

◆ तलफ लाटेसारखी येते आणि पाचेक मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढावा. बडीशेप, लवंग, वेलदोडा जवळ ठेवावा. सुपारी मात्र देऊ नये, ती स्वतःच तोंडाला घातक आहे.

◆ पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत कठीण. चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणं, बद्धकोष्ठ हे सगळं होतं आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतं. भरपूर पाणी, पालेभाज्या, रात्री इसबगोल याने पोटाचं जमतं. या दिवसांत घरातल्यांनी शब्दाला शब्द वाढवू नये. आम्ही तर भाजीत मीठ जरा जपूनच घातलं!

◆ फारच जड गेलं तर निकोटिनचा च्युइंगगम मिळतो, तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत दूरध्वनीही आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटावरच हा क्रमांक छापलेला असतो.

◆ पुन्हा हात गेला तर ‘झालं, संपलं’ म्हणू नये. बऱ्याच जणांना दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात.

◆ महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून बघावं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवावं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मुलांच्या तोंडात पहिली चिमूट जाऊ देऊ नये. दाढदुखीसाठी नको, गंमत म्हणून नको, आजी लावते म्हणून तर नकोच. तिघांतल्या एकाला ती धरते, आणि तो एक कोण हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत सातवीच्या वर्गात एकदा सहज विचारलं, घरी कोण मशेरी लावतं? निम्म्याहून अधिक हात वर आले. “आणि तुमच्यापैकी कुणी?” तेव्हा सगळ्या खाली बघायला लागल्या. मी कुणाला रागावले नाही. माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगितली.

सासूबाई दोनदा घसरल्या. एकदा गावच्या लग्नात, एकदा धाकट्या नणंदबाई येऊन राहिल्या तेव्हा. तिसऱ्या खेपेला सुटली ती सुटली. आज सात महिने झाले. चट्टा पुसट होत आला आहे, पण तपासणी चालू आहे.

परवा शेजारी कुणीतरी तव्यावर मशेरी भाजत होतं. वास खिडकीतून आत आला. सासूबाई भाजी निवडत होत्या. निवडता निवडता थांबल्या, उठून खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसल्या. म्हणाल्या, “अजून जीव ओढतो गं.”

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्याबरोबर भाजी निवडू लागले. ‘एवढीशी चिमूट, त्यात काय एवढं’ असं आता मी कधीच म्हणत नाही.